खच्चीकरणाचे वय : खानदेशातील बैलांपासून कुत्र्यांपर्यंत

खानदेशात नराचे खच्चीकरण म्हणजे शेकडो वर्षे बैलाचेच खच्चीकरण. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते. या जमिनीत नांगर, वखर आणि तिफण चालवायची, विहिरीवरची मोट ओढायची, कापसाची गाडी बाजारापर्यंत न्यायची, तर अंगात ताकद आणि स्वभावात ठहराव असलेले जनावर लागते. ताकद वळूतही असते. पण गाय माजावर आली की दावे तोडणारा आणि जोडीदारावर शिंग उगारणारा वळू जुवाखाली भरवशाचा नाही. त्यामुळे कामाचा नर खच्ची करावा याबद्दल गावात दुमत नव्हते. वाद असे तो वयाबद्दल.

हे वय वर्षांत मोजले जात नसे, ते दातांवरून ठरे. दुधाचे दात असलेला गोऱ्हा म्हणजे आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पुढचे दोन कायमचे दात आले की तो दुदाती, तिसऱ्या वर्षाच्या आसपास चौसा, चौथ्याच्या सुमारास सहादाती आणि पाचव्याच्या आगेमागे आठही दात पूर्ण होऊन जुळलेला. बाजारात व्यापारी आधी ओठ खाली ओढून दात पाहतो, मग खूर, मग खांदा. पाचोरा तालुक्यातील वरखेडीच्या आणि रावेर तालुक्यातील सावद्याच्या गुरांच्या बाजारात हीच भाषा चालत आली आहे. आदत खोंडाला खच्ची करायचे की दुदाती होऊ द्यायचे, की चौसा होईपर्यंत थांबायचे, यावर त्या जनावराची पुढची दहा-बारा वर्षे अवलंबून असत. खानदेशात आणि दख्खनच्या मोठ्या भागात कल उशिराकडे होता. दुदाती ते चौसा हा काळ योग्य मानला जाई.

या उशिरामागे शरीराची समज होती. जू बसते ते वशिंडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी. नांगराचा ताण, मोटेचे वजन, गाडीचा उतार, सगळे त्या खांद्यावर येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना लोणी-हळद लावून शेकला जातो तो हाच भाग. नर वयात येताना मान भरते, वशिंड उठते, छाती रुंदावते. ही वाढ होण्याआधीच गोऱ्हा खच्ची केला तर तो उंच होतो, पाय लांब होतात, पण मान बारीक राहते आणि चेहरा गाईसारखा दिसतो. असा बैल हलक्या कामाला चालतो, काळ्या रानात मात्र लवकर दमतो. उलट फार थांबले तर खोंडाला वळूची सवय लागते. खच्ची केल्यावरही तो गाईमागे जातो, मारका होतो, आणि त्याला वेसण घालून शिकवणे कठीण जाते. मान भरली आहे पण स्वभाव अजून पक्का झालेला नाही, असा थोडाच काळ मधे असतो. तो ओळखणे हे जाणत्या शेतकऱ्याचे कसब होते आणि त्याला ज्ञानच म्हटले पाहिजे. ते कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

खानदेशातल्या जनावरांत हा काळ नीट पाळण्याला विशेष अर्थ होता. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीच्या खोऱ्यात वाढणारी खिल्लारची शाखा तापी खिल्लार किंवा ठिलारी या नावाने ओळखली जाते. रंग पांढरा, नाकपुड्या आणि खूर गुलाबीसर, बांधा सडपातळ, चाल वेगवान. ही जनावरे पाळणाऱ्या ठेलारी पशुपालकांची वस्ती धुळे जिल्ह्यात आजही आहे, पण आता त्यांची ओळख मुख्यतः मेंढ्यांच्या कळपांमुळे आहे. खिल्लार जात हळू वाढते. शेजारच्या निमाडातून येणारे तांबडे, पांढऱ्या ठिपक्यांचे निमाडी बैल अंगाने अधिक भरदार असतात. हळू वाढणाऱ्या जातीत घाई केली तर तोटा जास्त, हे दोन्ही जातींची जनावरे वापरणाऱ्या शेतकऱ्याला अनुभवाने कळत होते.

आधुनिक शरीरशास्त्राने या अनुभवाचे कारण सांगितले. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते आणि तिथूनच हाड वाढते. वयात येताना वृषणातून स्रवणारे टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून शरीरात तयार होणारे इस्ट्रोजेन या चकत्यांना बंद होण्याचा आदेश देतात. वृषण आधीच निकामी केले तर तो आदेश उशिरा पोचतो, चकत्या जास्त दिवस उघड्या राहतात आणि हाड लांबत जाते. त्याच वेळी मान आणि खांद्याच्या स्नायूंना जाड करणारे टेस्टोस्टेरॉनही मिळत नाही. उंची वाढलेली आणि मान न भरलेली, अशी लवकर खच्ची केलेल्या बैलाची ठेवण या दोन्हींतून येते.

हे निरीक्षण जगात इतरत्रही जुने आहे. ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्राण्यांवरील ग्रंथात नोंदवले की कोवळ्या वयात खच्ची केलेले प्राणी न केलेल्यांपेक्षा मोठे होतात, वाढ पूर्ण झाल्यावर केलेल्यांचा आकार मात्र वाढत नाही. रोमन लेखक वारो याने दोन वर्षांच्या आत बैल खच्ची करू नये असे बजावले होते. कोलुमेला या दुसऱ्या रोमन लेखकाने कार्थेजच्या मागोचे मत दिले आहे. मागोच्या मते वासरू कोवळे असतानाच, लोखंड न लावता, चिरलेल्या काठीच्या चिमटीत वृषण हळूहळू दाबून निकामी करावेत. भारतात ऋग्वेदापासून खच्ची केलेल्या जनावराला ‘वध्रि’ हा शब्द आहे. बैल जुंपणाऱ्या प्रत्येक समाजाला या प्रश्नाला सामोरे जावे लागले आणि उत्तरे वेगवेगळी आली.

खानदेशातली पद्धतही लोखंड न लावण्याचीच होती. तिला बैल बडवणे किंवा ठेचणे म्हणत. खोंडाला आदल्या रात्रीपासून चारा देत नसत. सकाळी मऊ जमिनीवर, शक्यतो शेणखताच्या किंवा कडब्याच्या थरावर आणून, गळ्याभोवती, खांद्यामागे आणि पोटापुढे दोराचे फास घालून मागून ताण देत. जनावर गुडघे टेकून बसे आणि मग आडवे होई. चारही पाय बांधत. एक माणूस डोके दाबून धरी, दुसरा शेपूट मागच्या पायातून ओढून घेई. मग वृषणाच्या वरची शीर दोन काठ्यांमध्ये पकडून किंवा लाकडी पाटीवर ठेवून लाकडी मोगरीने ठेचत, काही जण वृषणही ठेचत. कातडी फाटू द्यायची नाही आणि आतली शीर मात्र पुरती चेचली गेली पाहिजे, हे हाताच्या अंदाजाने साधावे लागे. नंतर तेल-हळद चोळून जनावराला उभे करत आणि काही दिवस सावकाश चालवत, कारण बसून राहिले तर सूज उतरत नाही.

हे काम सगळे करत नसत. गाईच्या वंशाला इजा करणे पाप मानले जाई, म्हणून बहुतेक घरांत धनी स्वतः हात लावत नसे. मराठी मुलखात हे काम पुष्कळ ठिकाणी मातंग समाजातील जाणकारांकडे होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतांतील जाती-जमातींच्या ग्रंथात मांग समाजाच्या कामांत वाजंत्रीबरोबर बैल खच्ची करण्याची नोंद आहे. खानदेशला लागून असलेला वऱ्हाड याच प्रांतांना जोडलेला होता. ज्याच्या हाताशिवाय गावाची शेती उभी राहत नव्हती, त्याला गाव शिवत नव्हते. पाप त्याच्या माथी आणि बैल धन्याच्या गोठ्यात, अशी ही वाटणी अन्यायाची होती. शीर कुठे पकडायची, किती ठेचायची, कोणत्या खोंडाला अजून सहा महिने थांबवायचे, हे जाणणारी ती माणसे आपल्या भागातले शल्यतज्ज्ञ होती. त्यांची नावे कुठल्याही दप्तरात नाहीत.

बडवण्यात वेदना अपार होती आणि धोकेही खरे होते. सूज येणे अपरिहार्यच. ती पाच-सहा दिवसांत उतरली नाही तर आत रक्त साकळलेले असे आणि पुढे पू होई. कातडी फाटली तर जखमेवर माशी बसून अळ्या पडत. अळ्यांवर सीताफळाचा पाला ठेचून लावत, पुढे टर्पेंटाइन आणि फिनेल वापरात आले. रक्तपुरवठा पूर्ण तुटून पिशवीची कातडी सडली तर जनावर वाचवणे अवघड होई. धनुर्वात गुरांत घोड्यांइतका सहज होत नाही, पण झाला की जबडा आवळतो, शेपूट ताठ होते, पाय लाकडासारखे होतात, आणि जुन्या काळी त्यावर इलाज नव्हता. पाडताना शिंग मोडणे, खुब्याला मार लागणे, पोट भरलेले असल्यास आडवे पडल्यावर पोटफुगी होऊन जीव गुदमरणे, हे अपघात वेगळेच. शीर अर्धवट ठेचली गेली तर महिन्या-दोन महिन्यांनी खोंड पुन्हा गाईमागे जाऊ लागे आणि सगळा छळ दुसऱ्यांदा करावा लागे.

म्हणून ऋतू पाळला जाई. पावसाळ्यात माशी आणि चिखल. उन्हाळ्यात खानदेशची उष्णता: जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तापलेल्या अंगाला सूज सोसत नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की खच्चीकरणाचा हंगाम सुरू होई. माशी कमी, चारा मुबलक, जखम लवकर सुके. शिवाय या काळात खच्ची करून वेसण घातलेला खोंड उन्हाळ्यात वखराला शिकवता येई आणि मृग लागेपर्यंत जुवाखाली चालायला तयार होई.

उशिरा खच्ची करण्याला एक किंमत मात्र होती आणि ती एकट्या मालकाला मोजावी लागत नव्हती. गोऱ्हा दीड-दोन वर्षांचा झाला की तो गाय फळवू शकतो. चौसा होईपर्यंत थांबायचे, तर मधले वर्ष-दीड वर्ष हे आंडील, म्हणजे खच्ची न केलेले, खोंड गावच्या खांडात गाईंबरोबर चरत. गवळी सगळ्यांना एकत्र रानात नेई आणि कोणती गाय कोणत्या खोंडाने फळली याचा हिशेब राहत नसे. चांगल्या मालकाचा चांगला खोंड आणि खुरटलेला, उपाशी खोंड, दोघेही पुढची पिढी घडवत. त्यात देवाला किंवा मृताच्या नावाने सोडलेल्या सांडांची भर पडे. वृषोत्सर्गाची मूळ कल्पना गावाला उत्तम वळू देण्याची होती. पुढे खर्च वाचवण्यासाठी कमी प्रतीचा गोऱ्हा सोडला जाऊ लागला आणि तोच गावचा जनक ठरू लागला. जो उशीर एका बैलाची मान भरवी, तोच कळपाचा कस उतरवी. खानदेशच्या गोवंशाच्या इतिहासातला हा पेच फार कमी लिहिला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पेच तीव्र झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, भारतीय कापसाला मागणी आली. खानदेशात कपाशीखालची जमीन वाढली, गायराने आक्रसली, बैलांची गरज वाढली. रेल्वे भुसावळपर्यंत आल्यावर कापसाच्या गाड्यांची वर्दळ आणखी वाढली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी गोठे रिकामे केले. छप्पन्न्याच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ मध्ये, चाऱ्याअभावी मेलेल्या जनावरांची जागा भरताना मिळेल ते जनावर विकत घ्यावे लागले. १९०६ मध्ये जिल्हा विभागून जळगावला पूर्व खानदेशाचे आणि धुळ्याला पश्चिम खानदेशाचे ठाणे झाले, तेव्हा दोन्हीकडे बैलांची किंमत आणि प्रत हा शेतकऱ्यांच्या चर्चेचा कायमचा विषय होता.

सरकारी पशुवैद्यकाची यंत्रणा या काळात उभी राहिली. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि तिथे शिकलेले पदवीधर जिल्ह्यांत जाऊ लागले. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात देशभरच्या जनावरांची अवस्था एका दुष्टचक्रासारखी असल्याचे दाखवले: बैल दुबळे म्हणून जास्त बैल पाळायचे, जास्त पाळले म्हणून चारा अपुरा, चारा अपुरा म्हणून पुढची पिढी अधिक दुबळी. निकृष्ट वळूंना प्रजननातून बाजूला काढणे हा त्यावरचा एक उपाय होता. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुधन सुधारणा कायदा झाला. ज्या भागात तो लागू होई तिथे वळू ठेवण्यासाठी परवाना आवश्यक ठरला आणि परवाना नाकारलेला वळू खच्ची करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. खच्चीकरण आतापर्यंत शेतकऱ्याच्या गोठ्यातला निर्णय होता. कायद्याने त्यात सार्वजनिक हित आणले.

या कायद्याची अंमलबजावणी मोगरीने झाली नसती. इटलीतील पशुवैद्य नेपोलिओने बुर्दिझ्झो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या लांब दांड्यांच्या चिमट्याने ती शक्य केली. खानदेशात सरकारी दवाखान्यातला ‘चिमटा’ म्हणून तो ओळखला जातो. त्याचे बोथट जबडे कातडी न कापता आतली शीर आणि रक्तवाहिन्या चिरडतात. वृषणाचा रक्तपुरवठा तुटतो आणि चार ते सहा आठवड्यांत वृषण आक्रसून जातो. उघडी जखम नाही, म्हणून अळ्या नाहीत आणि धनुर्वाताची भीतीही फार कमी. एका जनावराला काही मिनिटे पुरतात. मोठ्या खोंडांना एकोणीस इंची चिमटा लागतो, वासरांना लहान.

चिमटा वापरायला सोपा वाटतो, पण त्याचे नियम न पाळल्यास तोही इजा करतो. दोन्ही शिरा वेगवेगळ्या पकडाव्या लागतात. दोन्हीकडचे चिमटे एका ओळीत लागले तर पिशवीच्या कातडीचा रक्तपुरवठा आडवा तुटतो आणि कातडी सडून गळते. म्हणून एक चिमटा थोडा वर, दुसरा थोडा खाली, आणि मधे कातडीचा अखंड पट्टा, असा दंडक आहे. प्रत्येक शिरेला दोनदा दाब देतात, दुसरा दाब पहिल्याच्या सुमारे एक सेंटिमीटर खाली. मूत्रनलिका किंवा वृषण जबड्यात येता कामा नये. चिमटा बंद करून ठेवला तर त्याची पकड सैल होते, म्हणून तो उघडा ठेवायचा. तो धडधाकट आहे की नाही हे पाहायला दोन कागदांमध्ये दोरा ठेवून दाबतात. दोरा तुटला आणि कागद शाबूत राहिला तर चिमटा चांगला. सैल चिमट्याने केलेले खच्चीकरण अर्धवट राहते आणि त्याचा दोष नेहमी डॉक्टरच्या हाताला दिला जातो.

रक्त निघत नाही म्हणून दुखत नाही असा समज मात्र पसरला, आणि तो चुकीचा होता. जाड शीर चिरडताना होणारी वेदना मोठी असते आणि सूज दोन आठवड्यांपर्यंत राहते. आज शीर बधिर करण्यासाठी लिग्नोकेन, गुंगीसाठी झायलाझिन आणि नंतर मेलॉक्झिकॅमसारखे वेदनाशामक देता येते. ही औषधे महाग नाहीत. जनावर बोलत नाही, दावणीला उभे राहून सोसते, एवढ्यावरून त्याला औषधाशिवाय खच्ची करणे समर्थनीय ठरत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुरांचे खच्चीकरण, शिंगे काढणे, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे विहित पद्धतीने केल्यास गुन्ह्यातून वगळली. प्रत्यक्षात मात्र पद्धत कशी असावी याचे पुष्कळसे ओझे बराच काळ करणाऱ्याच्या सदसद्विवेकावरच राहिले.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत आलेल्या केंद्रग्राम योजनेने खच्चीकरणाला मोहिमेचे रूप दिले. निवडक गावांत चांगले वळू किंवा कृत्रिम रेतन पुरवायचे आणि बाकीचे सगळे गावठी नर खच्ची करायचे, असा तिचा आराखडा होता. यात ‘कधी’चे उत्तर उलटले. प्रजनन थांबवायचे असेल तर गोऱ्हा वयात येण्याआधीच, म्हणजे वर्षाच्या आतबाहेर खच्ची केला पाहिजे. वासरू लहान असताना पाडायला माणसे कमी लागतात, सूज कमी येते, जखम लवकर भरते. वैद्यकाच्या दृष्टीने हे सगळे खरे. पण मान बारीक राहणार, ही शेतकऱ्याची तक्रारही खरीच होती. मोहिमेची गाडी येणार असे कळले की आदत खोंड रानात हाकलून देणारे शेतकरी अडाणी नव्हते. कळपाचा विचार एकीकडे आणि जुवाचा विचार दुसरीकडे होता, आणि दोन्हींना सांभाळणारा मार्ग, म्हणजे आंडील खोंड वेगळे बांधून वाढवणे, चाऱ्याच्या टंचाईत फार थोड्यांना परवडणारा होता.

हा वाद शेवटी मिटला तो बैलाचीच गरज ओसरल्यामुळे. वीजपंप आल्यावर मोट थांबली. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात तर ती पुढच्या पिढीने पाहिलीही नाही. ट्रॅक्टरने नांगराची जागा घेतली. कृत्रिम रेतनामुळे गावच्या वळूची गरज संपली आणि संकरित गाईंना झालेले गोऱ्हे, वशिंड नसल्याने, जुवाला फारसे उपयोगी पडेनात. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी लागू झाली. तेव्हापासून नको असलेल्या नराचे करायचे काय हा प्रश्न वयाच्या प्रश्नाहून मोठा झाला आहे. कपाशीत डवरणी-वखरणीसाठी बैलजोडी ठेवणारे शेतकरी आहेत, आणि त्यांच्यापैकी जुने जाणते आजही दुदाती होईपर्यंत थांबतात.

बैलाबाबत मागे पडलेला वयाचा प्रश्न कुत्र्याच्या निमित्ताने जळगाव आणि धुळे शहरांत परत आला. मळ्यात राखणीला असणारा गावठी कुत्रा सहसा कोणी खच्ची करत नसे. भटक्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारने २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम केले आणि कुत्री मारून टाकण्याऐवजी निर्बीजीकरण व रेबीजची लस ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका २००३ मधल्या, म्हणजे जन्मापासूनच या जबाबदारीसह आलेल्या. २०२३ मध्ये हे नियम नव्याने करण्यात आले. भटक्या कुत्र्याबाबत कळपाचा विचार निर्णायक असतो. तो एकदाच हाती लागतो, तेव्हाच शस्त्रक्रिया करावी लागते.

घरात पाळलेल्या मोठ्या जातीच्या कुत्र्याचे तसे नाही. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर ही कुत्री खानदेशातल्या शहरांत आता नित्याची झाली आहेत. त्यांच्याबाबत सहाव्या महिन्याला शस्त्रक्रिया हा सरधोपट नियम बराच काळ चालला. लहान जातीचे कुत्रे साधारण नऊ-दहा महिन्यांत पूर्ण वाढते, मोठ्या जातीच्या हाडांच्या चकत्या मात्र सव्वा-दीड वर्षापर्यंत उघड्या असू शकतात. सहाव्या महिन्याला वृषण किंवा अंडाशय काढले तर बैलात दिसत होते तेच इथे घडते, हाडे लांबतात आणि सांध्यांचे कोन बदलतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ पासून याची आकडेवारी मांडली. गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्रॅडोरमध्ये सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना सांध्याचे विकार जास्त आढळले. लॅब्रॅडोरमध्ये सुमारे दुप्पट, गोल्डनमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. जर्मन शेफर्डमध्ये वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत हे प्रमाण न केलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. खुब्याचा सांधा नीट न बसणे आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटणे हे त्यातले मुख्य विकार. याच गटाच्या २०२० च्या ३५ जातींच्या अभ्यासात लहान जातींत असा फरक दिसला नाही. ग्रेट डेन आणि आयरिश वुल्फहाउंड या अतिविशाल जातींतही तो आढळला नाही, यावरून केवळ आकारावर बोट ठेवता येत नाही. जात पाहूनच वय ठरवावे लागते, आणि बहुतेक मोठ्या जातींच्या नरांसाठी वर्ष ते दीड वर्ष थांबण्याचा सल्ला आज दिला जातो.

मादीत तोल वेगळा आहे. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाल्यास स्तनांच्या गाठींची शक्यता फार कमी राहते आणि प्रत्येक माजागणिक ती वाढते, हे १९६९ च्या एका अभ्यासापासून सांगितले जाते. न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो आणि तो जीवघेणा आहे. दुसऱ्या बाजूला सांधे, आणि वीस किलोंहून जड मादीत पुढे झोपेत लघवी झिरपण्याचा त्रास, जो लवकरच्या शस्त्रक्रियेनंतर अधिक दिसतो. म्हणून अनेक पशुवैद्य मोठ्या जातीच्या मादीचा पहिला माज होऊ देतात आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, रक्तवाहिन्यांचा फुगारा उतरल्यावर शस्त्रक्रिया करतात.

कुत्र्यात चिमटा चालत नाही, भूल देऊन उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. नरात वृषण काढून रक्तवाहिनीला गाठ मारली जाते. ती गाठ सुटली तर पिशवीत किंवा पोटात रक्तस्राव होतो. मोठ्या नरात रिकामी पिशवी रक्त साकळून फुगणे ही सर्वांत नित्याची गुंतागुंत आहे, आणि ती बहुधा घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत कुत्रा उड्या मारल्याने होते. मादीत पोट उघडावे लागते. जड, छाती खोल असलेल्या मादीत अंडाशय आत दडलेले असतात, म्हणून गाठ नीट बसवणे अवघड जाते. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर काही महिन्यांनी माज पुन्हा दिसतो. जखमेखाली पाणी साठणे, टाके चाटून उसवणे, जंतुसंसर्ग, भुलीची प्रतिक्रिया या इतर गुंतागुंती. एखाद्या नराचा एक वृषण पोटातच राहिलेला असेल तर तो शोधून काढणे आवश्यक असते, कारण पोटातल्या उष्णतेत त्यात गाठ होण्याची शक्यता वाढते.

शस्त्रक्रियेआधी मोठ्या कुत्र्याला आठ ते बारा तास उपाशी ठेवतात आणि रक्ततपासणीत रक्तपट्टिकांची संख्या पाहतात. खानदेशात हे विशेष महत्त्वाचे, कारण गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस या आजारात रक्तपट्टिका घटतात आणि साध्या शस्त्रक्रियेतही रक्त थांबत नाही. उन्हाळ्यात भूल उतरत असताना जाड केसांच्या कुत्र्याचे अंग तापते. तातडी नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडणे, उन्हाळ्यात करावीच लागली तर पहाटे करणे, नंतर गळ्यात कॉलर घालून दहा ते चौदा दिवस पट्ट्यावरच फिरवणे, आणि पिशवी किंवा टाक्यांची जागा घट्ट, गरम किंवा जांभळी होत गेली, हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेणे, एवढी काळजी बहुतेक कुत्र्यांना पुरते.